‘नांव’मधला अनुस्वार कुठे गेला? शुद्धलेखनाचा इतिहास आणि संशोधकाचं वाचन

एक वाक्य घेऊ. मी उदाहरणासाठी रचलेलं आहे, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याही मराठी पुस्तकात सहज सापडेल असं:

‘त्या गांवांत रोगाची साथ आली.’

समजा, तुमच्या संशोधनाचा विषय साथीचे रोग हा आहे. साथ किती गावांत पसरली ते तुम्हाला मोजायचंय. हे वाक्य वाचून तुम्ही वहीत काय लिहाल? एक गाव की अनेक गावं?

आज शाळेत शिकलेला माणूस म्हणेल, ‘गावांत’वर अनुस्वार आहे, म्हणजे अनेकवचन. एकच गाव असतं तर ‘गावात’ लिहिलं असतं. आजच्या नियमाने हे बरोबरच आहे. पण त्या काळच्या लेखनात एका गावासाठीही ‘गांवांत’च लिहीत. म्हणजे नियम न बघता तुम्ही वाचलंत, तर एका गावाची साथ तुमच्या प्रबंधात अख्ख्या तालुक्यात पसरेल. पुढच्या-मागच्या वाक्यांचा आधार घेतल्याशिवाय इथे निर्णय करताच येत नाही.

शुद्धलेखन म्हणजे लाल शाईने केलेल्या खुणा, एवढीच आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. मला या लेखात तुम्हाला वेगळी गोष्ट सांगायची आहे. शब्द कसा लिहायचा याचा प्रत्येक नियम वाचकाला काहीतरी माहिती देतो, आणि काहीतरी माहिती त्याच्यापासून काढूनही घेतो. ही माहिती कोणती, हे कळायला शब्दाची घडण कळावी लागते. मराठीचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास यासाठी फार चांगलं उदाहरण आहे.

मोडी: वाचकावर टाकलेला विश्वास

सुरुवात मोडीपासून करू. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरं लिहीत जायची. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. विरामचिन्हं जवळपास नाहीत. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद मोडी पाळत नाही. इकाराला एक खूण, उकाराला एक खूण, संपलं.

तरीही मोडीत शेकडो वर्षं कारभार चालला. वसुलाचे हिशेब, फौजेची पत्रं, वतनाचे निवाडे हे सगळं लिहिलं गेलं आणि वाचलंही गेलं. ते कसं? कारण वाचणारा कारकून अक्षरामागून अक्षर जोडत बसत नव्हता. त्याला मजकुराचा साचा पाठ होता. कुठला शब्द कुठे संपतो, ‘स’, ‘ला’, ‘चे’, ‘नी’ हे प्रत्यय कुठे लागतात, हे त्याला भाषेच्या सवयीने कळायचं. शब्दांमधली जागा कागदावर नव्हती, ती वाचणाऱ्याच्या डोक्यात होती. तुम्ही मोडी शिकायला बसलात तर हा अनुभव पहिल्याच आठवड्यात येईल. अक्षरं ओळखू येतात, पण ओळ वाचता येत नाही. ज्या दिवशी प्रत्यय दिसायला लागतात त्या दिवशी ओळ उलगडते.

थोडक्यात, मोडी लिहिणाऱ्याचे कष्ट वाचवते आणि वाचणाऱ्यावर काम टाकते. वाचणारा त्याच धंद्यातला असेल तोवर हे ठीक चालतं.

छापखाना आणि शाळा: अनोळखी वाचक येतो

एकोणिसाव्या शतकात वाचणाराच बदलला. श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं. त्याचा १८१० चा कोश मोडी टायपात होता, पण पुढे छपाईने बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी उचलली. शास्त्री-पंडितांनी तयार केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये निघाला, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ मध्ये. मोल्सवर्थच्या कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. शाळांची पुस्तकं आणि सरकारी भाषांतरं यांच्यावर मेजर थॉमस कँडी यांची नजर होती. विरामचिन्हांवरचं त्यांचं पुस्तक १८५० चं आहे.

छापील पुस्तक कोणाच्या हातात पडेल हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं. वाचणारा रत्नागिरीचा असेल, नागपूरचा असेल, पहिल्यांदाच शाळेत आलेलं पोर असेल. त्यामुळे मोडीत जे काम वाचकावर टाकलं होतं, ते आता कागदावर आणावं लागलं. शब्द सुटे झाले, स्वल्पविराम आले, ऱ्हस्व-दीर्घ आले. आणि शब्द कसा लिहायचा हे ठरवायला व्याकरणकारांनी प्रामुख्याने दोन गोष्टींकडे पाहिलं: शब्द आला कुठून, आणि वाक्यात तो कोणतं काम करतो.

यातूनच तो प्रसिद्ध न उच्चारलेला अनुस्वार पक्का झाला. ‘नामन्’वरून ‘नांव’, ‘ग्राम’वरून ‘गांव’, ‘दन्त’वरून ‘दांत’, ‘कण्टक’वरून ‘कांटा’, ‘पञ्च’वरून ‘पांच’. मूळ शब्दातल्या अनुनासिकाची ती उरलेली खूण. शब्दाच्या शेवटी येणारा अनुस्वार मात्र व्याकरणाचा होता: ‘तें पत्र लिहिलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन, ‘ते लेख लिहिले’ हे पुल्लिंगी अनेकवचन. ‘घरीं’, ‘त्यानें’, ‘आम्हीं’ यांतले अनुस्वार विभक्तीचे.

मोल्सवर्थ उघडून पाहा. ‘नांव’ म्हणजे ओळख सांगणारं नाव, आणि ‘नाव’ म्हणजे होडी. दोन वेगळ्या नोंदी. कानाला फरक नाही, डोळ्याला आहे.

१९६२: अनुस्वारांची झाडलोट

ही पद्धत लिहायला अवघड होती यात शंका नाही. जे ऐकूच येत नाही ते कुठे द्यायचं, हे समजायला एकतर व्युत्पत्ती माहीत हवी, नाहीतर घोकंपट्टी हवी. त्यामुळे हे अनुस्वार काढावेत की ठेवावेत हा वाद दीर्घकाळ चालला.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मुंबई इलाख्यातला भाग, विदर्भ आणि मराठवाडा एका मराठी राज्यात आले. त्यांच्या शाळा, पाठ्यपुस्तकं आणि कचेऱ्या आता एकाच कारभाराखाली चालणार होत्या. १९६१ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघ, महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद या चार संस्थांचं मिळून मराठी साहित्य महामंडळ स्थापन झालं. महामंडळाने लेखनाचे १४ नियम तयार केले आणि १९६२ मध्ये शासनाने ते मान्य केले. १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. आज आपण जे १८ नियम म्हणतो ते हे.

नियम घोकण्यापेक्षा त्यांनी काय उलथापालथ केली ते बघा.

पहिली गोष्ट, व्युत्पत्तीने सिद्ध होणारे पण उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ‘नांव’चं ‘नाव’ झालं, ‘दांत’चं ‘दात’ झालं, ‘लिहिलें’चं ‘लिहिले’ झालं.

दुसरी गोष्ट, नाम-सर्वनामांच्या अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना अनुस्वार द्यायचा असं ठरलं. ‘मुलाला’ एकाला, ‘मुलांना’ अनेकांना. ‘घरात’ एका, ‘घरांत’ अनेक. आदरार्थी बहुवचनालाही तोच नियम, म्हणून ‘मुख्यमंत्र्यांनी’.

आता दोन्ही काळ शेजारी ठेवा. जुन्या लेखनात ‘गांवांत’ वाचून एक की अनेक ते कळत नव्हतं. नव्या लेखनात ‘गावात’ आणि ‘गावांत’ लगेच वेगळे दिसतात. ही कमाई. उलट, ‘त्यांनी ते लिहिले’ हे आजचं वाक्य घ्या. एक पत्र लिहिलं की अनेक लेख लिहिले? सांगता येत नाही. जुन्या लेखनात ‘तें लिहिलें’ आणि ‘ते लिहिले’ असा भेद होता. हा तोटा.

गंमत अशी की बोलताना हा भेद आपण आजही पाळतो. ‘पत्र लिहिलं’ आणि ‘लेख लिहिले’ असंच आपण म्हणतो. पण नियमांनुसार ‘लिहिलं’, ‘केलं’, ‘म्हटलं’ ही रूपं पात्राच्या तोंडी बोलीभाषा घालताना लिहायची, एरवी ‘लिहिले’, ‘केले’, ‘म्हटले’. मी इथे ‘केलं’ लिहिते आहे, ते बोलीची सवय म्हणून. तुमच्या प्रबंधात मात्र विद्यापीठाची पद्धत पाळा!

आणखी एक तोटा सहज लक्षात येत नाही. ‘दांत’ आणि ‘दंतवैद्य’, ‘कांटा’ आणि ‘कंटक’, ‘पांच’ आणि ‘पंचवीस’ ही एका घराण्यातली मंडळी आहेत, हे जुनं लेखन डोळ्यांना दाखवत होतं. आज ‘दात’ पाहून ‘दंत’ आठवेलच असं नाही.

एक धातू, आठ शब्द

शब्दाची घडण कळली की लिहिण्यात काय फायदा होतो? तुम्हाला रोज लागणारे शब्दच घेऊ.

‘परीक्षा’त ‘री’ दीर्घ, पण ‘परिस्थिती’त आणि ‘परिषद’मध्ये ‘रि’ ऱ्हस्व. का? उपसर्ग तिन्हीकडे ‘परि’च आहे, पण ‘परीक्षा’ म्हणजे परि + ईक्षा. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. ‘परि’चा इ आणि ‘ईक्षा’चा ई मिळून दीर्घ ई होतो. हा एक धातू ओळखला की पुढचे दरवाजे आपोआप उघडतात: निरीक्षण म्हणजे निर् + ईक्षण, समीक्षा म्हणजे सम् + ईक्षा, प्रतीक्षा म्हणजे प्रति + ईक्षा, अधीक्षक म्हणजे अधि + ईक्षक. म्हणून ‘अधीक्षक’ दीर्घ आणि ‘अधिकारी’ ऱ्हस्व, ‘प्रतीक्षा’ दीर्घ आणि ‘प्रतिसाद’ ऱ्हस्व. अपेक्षा, उपेक्षा, पर्यवेक्षक हेही याच घरातले. आठ शब्द आठ वेळा पाठ करायची गरज नाही.

तसंच ‘महत्त्व’. महत् + त्व, म्हणून दोन त. ‘व्यक्तिमत्त्व’ही तसंच, व्यक्तिमत् + त्व. पण ‘नेतृत्व’ म्हणजे नेतृ + त्व, तिथे एकच त. ‘अस्तित्व’ म्हणजे अस्ति + त्व, तिथेही एकच.

समासातही हेच. एकटा शब्द ‘कवी’ असा दीर्घ लिहायचा, पण समासात पहिला आला की ‘कविसंमेलन’. ‘मंत्री’ पण ‘मंत्रिमंडळ’, ‘बुद्धी’ पण ‘बुद्धिबळ’. ‘नदी’ मुळातच दीर्घ, म्हणून ‘नदीकाठ’ दीर्घच राहतो.

आता सामान्यरूप. मराठी वळणाच्या शब्दांत प्रत्यय लागताना उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो: फूल-फुलाला, वकील-वकिलाला, गरीब-गरिबाला, नागपूर-नागपुरात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम शब्द मात्र हलत नाहीत: शरीर-शरीराला, गीत-गीताला, सूत्र-सूत्राला. म्हणजे ‘गरिबाला’ आणि ‘शरीराला’ बरोबर लिहायचं तर शब्दाचं कूळ माहीत हवं. कान इथे फारसा उपयोगी नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, हे दोन शब्द मराठी माणूस एकसारखेच उच्चारतो.

संशोधन काय सांगतं?

वाचन आणि शब्दरचना यांच्या संबंधावर बाहेर बरंच काम झालेलं आहे. तीन नावं लक्षात ठेवा.

जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं बनावट नाव सांगितलं, ‘वग’. मग दोन प्राणी दाखवून विचारलं, हे काय? मुलांनी अनेकवचन बरोबर केलं. जो शब्द कधी ऐकलाच नाही त्याचं रूप मुलं करतात, म्हणजे त्यांच्याकडे पाठ केलेले शब्द नसून नियम आहे, हे त्यातून दिसलं.

टेरेझिन्हा नुनेस आणि पीटर ब्रायंट यांनी इंग्लंडमधल्या मुलांच्या लेखनाचा अभ्यास केला. इंग्रजीत भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी कित्येकदा ‘ट’ ऐकू येतो, पण लिहायचं असतं ‘ईडी’. मुलं आधी ऐकू येतं तसं लिहितात. मग ‘ईडी’ शिकतात आणि ते नको तिथेही लावत सुटतात, अगदी क्रियापद नसलेल्या शब्दालाही! त्यानंतर कुठे नियम जागेवर बसतो. त्यांच्या २००६ च्या पुस्तकाचा मुद्दा असा की शब्दाचे अर्थपूर्ण घटक वर्गात उघडपणे शिकवता येतात आणि त्याने लेखन सुधारतं.

चार्ल्स परफेट्टी यांची मांडणी वाचनाबद्दल आहे. शब्दाचं रूप, उच्चार आणि अर्थ या तिन्हींची गाठ डोक्यात जितकी पक्की, तितका शब्द पटकन ओळखता येतो, आणि वाचलेलं समजून घ्यायला मन मोकळं राहतं. यावरून लेखनात एकवाक्यता का हवी हे कळतं. एकच शब्द दर वेळी वेगळा दिसला तर ही गाठ पक्की होत नाही.

भारतीय लिप्यांसाठी सोनाली नाग यांचं कन्नडवरचं काम जरूर वाचा. आपल्या लिप्यांत मात्रा आणि जोडाक्षरांमुळे शिकायच्या अक्षरांची संख्या मोठी असते, आणि ती पूर्ण आत्मसात व्हायला मुलांना इंग्रजी वर्णमालेपेक्षा बराच जास्त काळ लागतो.

‘शुद्ध’ कोणाचं?

इथवर मी नियमांचे फायदे सांगितले. पण इतिहासाचा विद्यार्थी इथे थांबू शकत नाही. जोतीराव फुले सामान्य माणसाच्या बोलण्याच्या वळणाने लिहीत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त फुल्यांच्या लेखनावर टीका करताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली. फुले जे म्हणत होते त्याला उत्तर देण्याआधी ते कसं लिहितात यावर बोट ठेवलं गेलं. नियमाचा वापर दार म्हणून होतो, तसा कुंपण म्हणूनही होतो.

‘शरीराला’ दीर्घ का, याचं उत्तर ‘तो शब्द संस्कृत आहे म्हणून’ असं असेल, तर ज्याच्या घरात संस्कृत कधी आलंच नाही त्या मुलाने काय करायचं? काही अभ्यासक म्हणतात, तत्सम शब्दांचा अपवादच काढून टाका. इतर म्हणतात, मग जुन्या पुस्तकांशी आणि शब्दांच्या घराण्यांशी असलेला दुवा तुटेल. दोन्ही बाजूंना वजन आहे. माझं मत विचाराल तर नियम ठेवायचा असेल तर तो शिकवावा लागेल. ‘ईक्ष्’ची गोष्ट पाचवी-सहावीच्या मुलाला दहा मिनिटांत सांगता येते. ती न सांगता ‘परिक्षा’चा गुण कापणं हा अन्याय आहे. जे ज्ञान आपण मुलाला दिलंच नाही, त्याची परीक्षा घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तुमच्या कामासाठी

संशोधनाला लागण्यापूर्वी एवढं करा.

१. जुना मजकूर वाचताना तो मूळ कधी छापला, आणि तुमच्या हातातली आवृत्ती कधीची, हे आधी बघा. पुनर्मुद्रणात लेखन बऱ्याचदा नव्या नियमांप्रमाणे बदललेलं असतं. ‘गांवांत’चं ‘गावात’ करायचं की ‘गावांत’, हा निर्णय त्या वेळी कोणीतरी घेतलेला असतो.

२. मोडी कागदाच्या छापील लिप्यंतरावरून ऱ्हस्व-दीर्घाबद्दल निष्कर्ष काढू नका. मोडीत तो भेद नसल्यामुळे छापलेला दीर्घ उकार हा लिप्यंतर करणाऱ्याचा निर्णय असतो.

३. डिजिटल संग्रहात शोध घेताना शब्दाची सगळी रूपं टाका: नाव आणि नांव, कवि आणि कवी, पाच आणि पांच. एकाच रूपाने शोधलंत तर अर्धं साहित्य हाताला लागणार नाही, आणि ‘या विषयावर लेखन झालेलं नाही’ असं धाडसी विधान सिनॉप्सिसमध्ये जाईल.

४. टेबलावर दोन कोश ठेवा. जुन्या मजकुरासाठी मोल्सवर्थ आणि आजच्या लेखनासाठी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’. व्याकरणासाठी मोरो केशव दामले यांचं १९११ चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आणि परीक्षेच्या तयारीसाठी मो. रा. वाळंबे.

५. विषय शोधत असाल तर बर्को यांचा प्रयोग मराठीत करून पाहा. ‘गबूट’ असा एक बनावट शब्द मुलांना द्या आणि वाक्यात ‘ला’ लावून लिहायला सांगा. किती जण ‘गबुटाला’ लिहितात आणि किती ‘गबूटाला’? चौथीत किती, सातवीत किती? मराठी शाळेत किती, इंग्रजी शाळेत मराठी शिकणाऱ्यांत किती? एक कागद, वीस मिनिटं आणि शाळेची परवानगी एवढ्यात प्राथमिक माहिती हातात येते. मुलाने नियम आत्मसात केला आहे की फक्त ‘फुलाला’ आणि ‘वकिलाला’ पाठ केले आहेत, हे त्यातून दिसायला लागेल.

यापुढे लेखनाचा एखादा नियम समोर आला की ‘बरोबर काय?’ एवढ्यावर थांबू नका. हा नियम वाचणाऱ्याला काय सांगतो, काय लपवतो, आणि तो पाळायला लागणारं ज्ञान कोणाकडे असतं, हेही विचारा. ‘गांवांत’ हा शब्द वाचून तुम्ही क्षणभर थबकलात आणि मागचं पान उलटून पाहिलंत, की समजा, संशोधनाला सुरुवात झाली.